निबंध वाचणारं मशीन, 'नाही' हा शब्द आणि प्रीएक्लॅम्प्शियाची जनुकं

जास्वंदी | सोमवार, रात्री ११.४०

मागे गप्पांच्या धाग्यावर मी लिहून गेले होते की लोकांनी लिहिलेली वाक्यं चाळायचा मला पगार मिळतो. त्यावर तिघांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, नेमकं करतेस काय म्हणून. तिघांना वेगवेगळं टंकण्यापेक्षा इथेच लिहिते.

मी क्युरेटर आहे. म्युझियमवाली नव्हे. गरोदरपणातल्या आजारांवरचे शोधनिबंध आधी कॉम्प्युटर वाचतो, त्यातून 'या जनुकाचा या आजाराशी संबंध आहे' छापाची वाक्यं उपसतो, आणि ती वाक्यं खरंच तसं म्हणतायत का हे मी बघते. याला टेक्स्ट मायनिंग म्हणतात. नाव बरोबर आहे, खाणकामच ते. दगड फार, धातू थोडा.

आमचा मुख्य आजार प्रीएक्लॅम्प्शिया. विसाव्या आठवड्यानंतर बाईचं बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट्स यांचं काहीतरी बिनसतं. हाताबाहेर गेलं तर झटके येतात. गोळ्या-इंजेक्शनांनी वेळ काढता येतो, पण खरा उतारा म्हणजे बाळंतपण होऊन वार (प्लॅसेंटा) बाहेर पडणं. मग बाळ अठ्ठावीस आठवड्यांचं असो की अडतीस. आईला किंवा बहिणीला झालेला असला तर धोका वाढतो, म्हणजे रक्तातून काहीतरी येतं हे नक्की. पण बोट ठेवावं असं एकच जनुक नाही. शेकडो जनुकांबद्दल कोणी ना कोणी काहीतरी लिहून ठेवलंय.

पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. या एका आजारावरचे निबंध रोज दहा वाचले तरी दहा वर्षांत संपणार नाहीत, आणि तोवर नवे येतच राहणार. म्हणून मशीन.

मशीनची पहिली अडचण नावांची. एकाच जनुकाला चार नावं असतात. एफएलटी१ म्हणा की व्हीईजीएफआर१, जनुक तेच. आजाराचंही तसंच. जुन्या निबंधांत टॉक्सिमिया, युरोपातल्या काहींत जेस्टोसिस, कुठे मध्ये डॅश, कुठे नाही. हे सगळं एकाच खुंटीला टांगायला मशीनला शिकवावं लागतं. उलटीकडून, एकाच नावाच्या दहा गोष्टी. कॅटालेज एन्झाइमच्या जनुकाचं अधिकृत लघुरूप म्हणजे इंग्रजी 'कॅट'. ते मांजरही असतं आणि सीटी स्कॅनचं जुनं नावही. आमच्या यादीत एकदा उंदीर आणि मांजर एकाच वाक्यात आले होते, आणि उंदीर खरा होता.

दुसरी अडचण 'नाही'ची. 'संबंध आढळला नाही' हे सोपं, आता मशीनला कळतं. पण लोक सरळ लिहीत नाहीत. 'पूर्वीच्या निष्कर्षाला आमच्या नमुन्यात दुजोरा मिळू शकला नाही, मात्र वजन जास्त असलेल्या स्त्रियांच्या उपगटात कल दिसला.' आता हे हो की नाही? आम्ही दोघी क्युरेटर याच एका वाक्यावर चहा गार होईपर्यंत भांडलो. शेवटी 'नाही' लिहिलं.

तिसरी माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण ती दिसतच नाही. १९९३ साली अँजिओटेन्सिनोजेन या बीपीशी संबंधित प्रोटीनच्या जनुकाचं एक रूप प्रीएक्लॅम्प्शियाशी जोडलं गेलं. नंतर ज्यांनी ज्यांनी त्यावर काम केलं त्यांनी प्रस्तावनेत ते वाक्य लिहिलं, अगदी ज्यांना स्वतःला काही सापडलं नाही त्यांनीसुद्धा. मशीन वाक्यं मोजतं. त्याला वाटतं शंभर साक्षीदार आहेत. प्रत्यक्षात साक्षीदार मूठभर, बाकीचे ऐकीव.

आधी मशीन, मग माणूस या पद्धतीचं एक चांगलं उदाहरण ऱ्होड आयलंडचं. तिथल्या विमेन अँड इन्फंट्स हॉस्पिटल आणि ब्राउन विद्यापीठाच्या लोकांनी २०१२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा असा डेटाबेस केला, डीबीपीटीबी. सगळं प्रकाशित साहित्य आधी मशीनने चाळलं, मग क्युरेटरांच्या टीमने वाचलं, मग त्याला सार्वजनिक डेटाबेसमधली जनुकं आणि एकाच जैविक साखळीत येणारे शेजारपाजारचे दुवे जोडले. पुढे प्रीएक्लॅम्प्शियासाठीही त्याच धर्तीचं काम झालं.

झोप आलीये. प्रश्न असतील तर टाका.

---

टवाळ_पोर | मंगळवार, सकाळी ७.०५

रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसात वाचेन.

काडेचिराईत | मंगळवार, सकाळी ९.२०

छान लिहिलंय, पण मूळ मुद्द्यावर शंका. जे आधीच छापून आलंय तेच मशीन वाचणार. मग त्यातून नवीन काय निघणार? हे म्हणजे सगळ्यांच्या उत्तरपत्रिका गोळा करून प्रश्नपत्रिका तपासण्यासारखं झालं.

निवांत_न्यूजर्सी | मंगळवार, सकाळी १०.१५

@काडेचिराईत, निघतं कधीकधी. डॉन स्वॉन्सन नावाचे शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक, डॉक्टर नव्हेत, ग्रंथालयशास्त्रवाले. १९८६ साली त्यांनी दाखवलं की रेनो आजारावरचे (थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात तो) निबंध रक्ताच्या घट्टपणाबद्दल बोलतात. माशाच्या तेलावरचे निबंध सांगतात की त्याने तोच घट्टपणा कमी होतो. पण हे दोन गट एकमेकांना वाचतच नव्हते. त्यांनी दोन्ही टोकं जोडली, आणि नंतर रुग्णांवरच्या एका चाचणीत त्याला आधारही मिळाला. १९८८ मध्ये तसंच मायग्रेन आणि मॅग्नेशियमचं. सुरुवातीला हे सगळं बरंचसं हाताने केलं होतं, सॉफ्टवेअर नंतर आलं.

मी औषध कंपन्यांसाठी असलीच सर्च इंजिनं बनवतो. अ-ब आणि ब-क माहीत असलं तर अ-क सुचवायचं, मुद्दा एवढाच. सुचवायचं म्हटलं, सिद्ध करायचं नव्हे.

पिंपळपान | मंगळवार, दुपारी १२.५०

वाखुसा (वाचनखूण साठवली). उंदीर-मांजरावर ऑफिसात मोठ्याने हसले, बॉसने पाहिलं.

डॉ_कोकणी | मंगळवार, दुपारी ३.३०

तालुक्याच्या ठिकाणी प्रसूतिगृह चालवतो. तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण थोडं कडू लिहितो, हलके घ्या. माझ्याकडे सातव्या महिन्यात पहिल्यांदा येणाऱ्या बाईचं आधी कोणी बीपीच मोजलेलं नसतं. चेहरा सुजलेला, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे, आणि घरचे म्हणतात 'गरमीने झालं असेल'. तिला झटके टाळणारं मॅग्नेशियम सल्फेट लागतं, जनुकांची यादी नाही. त्या औषधाची मॅगपाय नावाची चाचणी २००२ ची, दहा हजारांच्या आसपास बायका, झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. स्वस्त औषध आहे.

जनुकांच्या बाजूने एकच गोष्ट मला खरंच कामाची वाटली. २००३ मध्ये बॉस्टनच्या डॉ. अनंत करुमंची यांच्या गटाने दाखवलं की आजारी वार एसएफएलटी१ नावाचं (एफएलटी१ जनुकापासून बनणारं) प्रोटीन रक्तात जास्त सोडते आणि ते रक्तवाहिन्यांच्या वाढीच्या घटकांना धरून ठेवतं. उंदरांना ते प्रोटीन दिल्यावर बीपी चढलं, लघवीतून प्रोटीन गेलं. त्यावरून आलेल्या रक्तचाचणीला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आता सांगा, हे तुमच्या मशीनने शोधलं की माणसांनी प्रयोगशाळेत?

जास्वंदी | मंगळवार, रात्री १०.१०

@डॉ_कोकणी, माणसांनीच. कडू वगैरे काही नाही, तुमचा मुद्दा मीच धाग्यात लिहायला हवा होता.

पण तुम्ही नेमक्या त्याच जनुकावर आलात म्हणून पुढचं सांगते. एफएलटी१ आमच्या यादीत होतं. सगळ्यांच्याच याद्यांत होतं. अडचण अशी की त्याच यादीत त्याच्या आजूबाजूला शेकडो इतर होती, आणि बहुतेक सगळे निबंध आईच्या रक्तातलं डीएनए तपासणारे. २०१७ मध्ये मोठा अभ्यास आला, ज्यात आईचं नव्हे तर *बाळाचं* डीएनए बघितलं होतं. प्रीएक्लॅम्प्शियाच्या गरोदरपणातून जन्मलेली ४,३८० माणसं आणि तुलनेला ३,१०,२३८. पूर्ण जीनोम चाळल्यावर ठळक खूण कुठे आली? एफएलटी१ च्या शेजारी, तेराव्या गुणसूत्रावर. वार बाळाच्या पेशींपासून बनते, त्यामुळे आता मागे वळून पाहिलं की वाटतं, अरे, उघड होतं की. बाळाला तेरावं गुणसूत्र तीनदा असेल तर आईला प्रीएक्लॅम्प्शियाचा धोका जास्त असतो हेही साहित्यात आधीपासून पडून होतं. जनुकशास्त्राच्या निबंधांत एका बाजूला, प्रसूतिशास्त्राच्या दुसऱ्या बाजूला.

म्हणजे स्वॉन्सनवाली दोन टोकं होती. आमच्या रकान्यांत मात्र 'कोणाचं जनुक: आईचं की बाळाचं' हा रकानाच नव्हता. आता आहे. तो भरताना फार डोकं दुखतं, कारण निम्मे निबंध ते स्पष्ट लिहीतच नाहीत.

मीठभाकर | मंगळवार, रात्री १०.४५

मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहितेच. मला पहिल्या खेपेला प्रीएक्लॅम्प्शिया झाला होता. एकतिसाव्या आठवड्यात सिझर, लेक आता नववीत आहे आणि माझ्यापेक्षा उंच.

गंमत नंतरची. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं 'एच/ओ पीई', म्हणजे पीई होऊन गेलाय. आठ वर्षांनी दुसऱ्या शहरात पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेले, तिथल्या भूलतज्ज्ञांनी फाइल पाहिली आणि विचारलं, 'फुप्फुसात गुठळी कधी झाली होती?' मी म्हटलं, कसली गुठळी? पीई म्हणजे त्यांच्या लेखी पल्मनरी एम्बॉलिझम. ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं, जास्तीच्या तपासण्या झाल्या, नवऱ्याने घरातल्या कपाटातून जुनी अख्खी फाइल शोधून फोटो पाठवले तेव्हा उलगडा झाला. तुमच्या मशीनला दोष का द्या, माणसंही तेच करतात.

जास्वंदी | मंगळवार, रात्री ११.०५

@मीठभाकर, अगदी हेच! पीई आमच्याकडे रोज येतं. मशीनसाठी नियम असा की त्याच निबंधात आधी कुठे पूर्ण नाव दिलंय का ते बघ, मग ठरव. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर ते पूर्ण नाव नव्हतं.

याहून भारी सांगू? वारेच्या वाढीच्या घटकाला पीएलजीएफ म्हणतात, इंग्रजीत पहिलं पी कॅपिटल, मग *स्मॉल एल*. जनुकाचं अधिकृत नाव मात्र पीजीएफ, चौदाव्या गुणसूत्रावर. आणि *कॅपिटल आय* घालून पीआयजीएफ लिहिलं तर ते पूर्ण वेगळं जनुक, दोन नंबरच्या गुणसूत्रावरचं, पेशीच्या आवरणाला प्रोटीनं अडकवण्याशी संबंधित. अनेक फाँटमध्ये स्मॉल एल आणि कॅपिटल आय हुबेहूब सारखे दिसतात. लेखकांनी आय टाइप केलेला असतो, संपादकांना दिसत नाही, मशीनला मात्र अक्षर दिसतं आणि ते इमानदारीत दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसतं. आमच्या पहिल्या यादीत पीआयजीएफ एवढं वर आलं होतं की एका ज्युनियरने त्यावर प्रकल्पाचा प्रस्ताव लिहायला घेतला होता. मी वाक्यं एकेक करून दुसऱ्या फाँटमध्ये चिकटवून बघितली. सगळीच्या सगळी वारेवरची.

पिंपळपान | मंगळवार, रात्री ११.२०

देवनागरीत लिहिलं की घोळच नाही बघा. पीएल ते पीएल, पीआय ते पीआय. सगळ्यांना मराठीत निबंध लिहायला लावा.

टवाळ_पोर | मंगळवार, रात्री ११.३१

मराठीत लिहिले तर ऱ्हस्व-दीर्घावरून दोनशे प्रतिसाद पडतील आणि जनुक बाजूला राहील.

अवांतर: एक्सेल जनुकांच्या नावांच्या तारखा करतं ते खरं का?

निवांत_न्यूजर्सी | बुधवार, सकाळी ६.५०

खरं. मार्च१ आणि सेप्ट१ अशी लघुरूपं होती, एक्सेल त्यांची १ मार्च, १ सप्टेंबर करून टाकायचं. २०१६ मध्ये काही जणांनी मोजलं तर एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी साधारण पाचातल्या एकात ही चूक होती. शेवटी २०२० च्या नियमांत जनुकांचीच नावं बदलली, मार्चएफ१ आणि सेप्टिन१. एक्सेल बदललं नाही म्हणून माणसाची जनुकं बदलली!

काडेचिराईत | बुधवार, सकाळी ९.४०

स्वॉन्सन वाचला, मानलं. पण दुसरी शंका. ज्या जनुकावर जास्त लिहिलं गेलंय तेच मशीनला महत्त्वाचं वाटणार, त्यावरून लोक पुन्हा त्याच जनुकावर काम करणार. मळलेली वाट आणखी मळणार. आणि हे सगळं लिहिलंय कोणी, कोणाच्या रक्तावर?

जास्वंदी | बुधवार, दुपारी १.१५ (जेवणाच्या सुट्टीत)

हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही तो. माणसात प्रोटीन बनवणारी वीसेक हजार जनुकं आहेत आणि त्यातल्या थोड्यांवरच बहुतेक सगळं लेखन आहे. आमची यादी 'कशाने आजार होतो' हे दाखवत नाही. 'लोकांनी कुठे बघितलं' हे दाखवते. मी प्रत्येक रिपोर्टमध्ये हे वाक्य घालते आणि प्रत्येक वेळी ते कोणीतरी संपादित करून तळटीपेत ढकलतं.

'कोणाच्या रक्तावर' याचं घरचं उदाहरण. एमटीएचएफआर हे फोलेटशी (फॉलिक ॲसिडवालं जीवनसत्त्व) संबंधित जनुक, गर्भपात, प्रीएक्लॅम्प्शिया, काय म्हणाल त्याच्याशी जोडलं गेलंय. निकाल कधी हो, कधी नाही. ते ज्या साखळीत काम करतं तिथे होमोसिस्टीन नावाचा रक्तातला घटक निपटायला बी१२ पण लागतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून जास्त जणींत बी१२ कमी होतं. आपल्याकडे फोलेटच्या गोळ्या मिळतात, पण ताटात मटण-अंडी किंवा पुरेसं दूध नसलं तर बी१२ येणार कुठून? युरोपातल्या बायकांवरचे निबंध चाळून मशीनने 'एमटीएचएफआरचा परिणाम क्षीण' असं काढलं तर ते भोरच्या बाईला लागू पडेल का? त्या निबंधांत बी१२ चा बहुधा उल्लेखच नसतो, आणि जे लिहिलंच नाही ते मशीन उपसणार कुठून.

आपल्याकडेही या वाटेचं काम आहे बरं का. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने पीसीओएसचा (बीजकोशांचा, पाळी अनियमित करणारा विकार) डेटाबेस केला, तोही हाताने वाचून. २०१६ ला त्यात २४१ जनुकं होती, २०२० च्या आवृत्तीत ५३३. हाताने म्हणजे काय ते मला विचारा.

सुलू | बुधवार, दुपारी ४.००

मला तो आजार नव्हता, पण दोन्ही वेळेला पाचव्या महिन्यापर्यंत पाणीसुद्धा टिकत नव्हतं. दोनदा सलाइन. डोहाळजेवणाच्या फोटोत मी हसतेय आणि पाटाखाली बादली आहे. सासूबाई म्हणायच्या, मुलगा असेल म्हणून. दोन्ही मुली. त्याचीही जनुकं शोधलीत का कोणी?

जास्वंदी | बुधवार, रात्री ९.५०

@सुलू, शोधलीत, आणि ती गोष्ट मला सगळ्यात आवडते. जीडीएफ१५ नावाचा हार्मोन. मार्लेना फेझो या संशोधक स्वतः या त्रासातून गेलेल्या. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने हजारो बायकांचे डीएनए चाळून या जनुकाकडे बोट दाखवलं. २०२३ च्या शेवटी पुढचा निबंध आला: हा हार्मोन गरोदरपणात बाळ आणि वारेकडून येतो, आणि ज्या बाईच्या अंगात तो आधीपासून कमी असतो तिला तो एकदम वाढला की जास्त बाधतो. 'मुलगा असेल म्हणून' वगैरे काही नाही, सासूबाईंना सांगा.

आता माझ्या कामाचा भाग. बीटा थॅलॅसेमियाच्या रुग्णांत जीडीएफ१५ कायम खूप जास्त असतो, हे रक्तविकारांच्या निबंधांत २००७ पासून आहे. मग थॅलॅसेमिया असलेल्या बायकांना गरोदरपणी उलट्या कमी व्हायला हव्यात, नाही का? त्याच २०२३ च्या निबंधात त्यांनी विचारून बघितलं, आणि तसंच निघालं. अ-ब, ब-क, अ-क. @निवांत_न्यूजर्सी, हे तुमच्या स्वॉन्सनने वहीत काढलं असतं. दोन्ही टोकं २०१८ पासून पबमेडवर होती. आमच्या मशीनने हे सुचवलं होतं का, हे मी निकाल आल्यावर जुन्या याद्यांत जाऊन बघितलं. सुचवलं होतं. ३४० व्या क्रमांकावर. मी दोनशेपर्यंतच वाचलं होतं.

डॉ_कोकणी | बुधवार, रात्री १०.२०

हे मात्र आवडलं. ३४० वाचून जरा वाईटही वाटलं.

टवाळ_पोर | गुरुवार, सकाळी ८.१५

आता चॅटबॉट आलेत, त्यांनाच सगळं वाचायला द्या की. जास्वंदीताईंची नोकरी राहील ना?

जास्वंदी | गुरुवार, रात्री ९.००

@टवाळ_पोर, वापरतो आम्ही. 'मात्र उपगटात कल दिसला' छापाची वाक्यं ते जुन्या मशीनपेक्षा खूप बरी समजतात, खोटं कशाला बोलू. पण गेल्या महिन्यात एकाला मी दहा निबंधांचे संदर्भ मागितले, त्यातले तीन अस्तित्वातच नव्हते. लेखकांची नावं खरी, नियतकालिक खरं, निबंध नाही. जुनं मशीन मांजराला जनुक म्हणायचं, पण मांजर निदान त्या वाक्यात असायचं.

शिवाय पैसे घेऊन पाडलेले बनावट निबंध आहेतच, जनुकांवरचे फार. सिडनीच्या जेनिफर बर्न आणि सहकाऱ्यांनी त्यात दिलेले जनुकांचे क्रम तपासून चुकीचे पकडायचं सॉफ्टवेअर केलंय. मागे घेतलेल्या निबंधांची यादी मी दर सोमवारी आमच्या डेटाबेसशी ताडून बघते. या सोमवारी दोन गेले.

मीठभाकर | गुरुवार, रात्री ९.४०

एक विचारू? लेकीला पुढे सांगून ठेवावं का हे? मला झालं होतं म्हणून.

डॉ_कोकणी | गुरुवार, रात्री १०.०५

जरूर. जनुकांची तपासणी वगैरे करत बसू नका, तशी काही उपयोगाची उपलब्ध नाही. पण तिला दिवस राहतील तेव्हा पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायचं की आईला झाला होता. मग ते ॲस्पिरिनचा विचार करतील, बीपी जास्त वेळा बघतील. आणि तुमचं स्वतःचं बीपीही दरवर्षी मोजा, ज्यांना हा आजार होऊन गेलाय त्यांना पुढे हृदयाचा त्रास जास्त होतो. हे बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही.

जास्वंदी | गुरुवार, रात्री १०.१५

आणि मीठभाकर, तिच्यासाठी कागदावर लिहून ठेवाल तेव्हा पीई लिहू नका. पूर्ण लिहा.

मीठभाकर | गुरुवार, रात्री १०.२२

लिहिलं. देवनागरीत.